तळ्यात-मळ्यात पानं: गेमला इन्व्हाइट करावं की नाही?

ब्रिज खेळणाऱ्या जोड्यांची तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. "परवा ३ इस्पिकवर, म्हणजे नऊ हातांच्या बोलीवर, थांबलो आणि दहा हात झाले. काल तोच हिशेब धरून पुढे गेलो, तर ४ इस्पिक दोन डाऊन, म्हणजे बोललेल्यापेक्षा दोन हात कमी." मग जोडी एक आठवडा धीटपणे बोलते, पुढचा आठवडा हात आखडून, आणि महिन्याअखेरीस स्कोअर होता तिथेच. दोष धाडसाचा नसतो आणि भित्रेपणाचाही नसतो. बहुतेक जोड्यांचा दोष इन्व्हाइट या बोलीकडे बघण्यात असतो: "तुझ्याकडे जास्त असेल तर गेमला, म्हणजे ३ नो ट्रम्प किंवा ४ इस्पिकसारख्या बोनसच्या बोलीला, चल" असं पार्टनरला सांगणारी ही बोली. तो सापडला की निम्मा गुंता सुटतो.

हा प्रश्न ब्रिजमध्ये मुळापासून नव्हता. ऑक्शन ब्रिज या जुन्या प्रकारात बोली कमी लावली आणि हात जास्त झाले, तरी ते गेमसाठी धरले जायचे. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून हवानाकडे जाणाऱ्या फिनलंड नावाच्या बोटीवर नवी गुणपद्धत खेळून पाहिली. तिच्यात गेमसाठी फक्त बोललेले हात मोजायचे ठरलं, आणि व्हल्नरेबल असण्याचा, म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही वाढण्याचा, नियमही तिच्याबरोबर आला. तेव्हापासून "बोलू का थांबू" ही रोजची डोकेदुखी झाली. म्हणून तिचं उत्तर आधी गुणतक्त्यात शोधायचं आणि मग पानांत.

आधी हे पाहा: इन्व्हाइट फुकट मिळत नाही

पार्टनरने १ नो ट्रम्पने (हुकूम नसलेल्या बोलीने) सुरुवात केली, १५ ते १७ पॉइंट (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १). तुमच्याकडे ही पानं:

इस्पिक: राणी ७ ३
बदाम: राजा ८ ४
चौकट: गुलाम ६ ५ २
किलवर: राणी ७ ४

आठ पॉइंट. क्लबात दहापैकी सात जण इथे २ नो ट्रम्प म्हणतील, कारण ही बोली मधला सुरक्षित रस्ता वाटते: पार्टनरकडे जास्त असेल तर तो जाईल, नसेल तर थांबेल. पण २ नो ट्रम्पवर थांबून मिळतं काय? आठ हात झाले तर १२० गुण. १ नो ट्रम्पवर थांबून आठ हात केले असते तरी १२०च. सात हात झाले तर मात्र १ नो ट्रम्पचे ९० मिळाले असते, तिथे आता ५० किंवा व्हल्नरेबल असाल तर १०० जातात. म्हणजे पार्टनरने नकार दिला की तुमचा फायदा शून्य आणि तोटा खरा. पासशी तुलना केली तर फायदा एकाच ठिकाणी आहे: पार्टनर स्वीकारतो आणि गेम होते.

आता तो किती वेळा स्वीकारेल ते बघू. कोणत्याही तेरा पानांत १५ पॉइंट येण्याची शक्यता साधारण ४.४ टक्के, १६ची ३.३ आणि १७ची २.४ टक्के. म्हणजे १५–१७ने सुरुवात करणाऱ्याकडे १५ असण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास, १६ची ३३ आणि १७ची जेमतेम २३. तुमच्या सपाट आठला गेमसाठी धरला जाणारा दोघांचा मिळून २५चा आकडा गाठायला १७च हवेत. चारातल्या तीन वेळा तुम्ही २३ किंवा २४ पॉइंटांवर एक पायरी उगाच वर चढलेले असता. वरच्या पानांवर पास करा, आणि पास करताना चुटपुट लागू देऊ नका.

आता दुसरी आठ पॉइंटांची पानं:

इस्पिक: १० ४ २
बदाम: राजा ६
चौकट: राजा राणी १० ९ ५
किलवर: ९ ८ ३

पॉइंट तेवढेच, पण इथे पाच पानांचा रंग आहे, त्यात दश्शी-नव्वी आहे, आणि पार्टनरकडे चौकटचा एक्का असेल तर चार-पाच हात तिथूनच निघतात. ही इन्व्हाइटची खरी पानं. टीम्समध्ये (जिथे तीच पानं दोन टेबलांवर खेळून तुलना होते) व्हल्नरेबल असताना मी इथे सरळ ३ नो ट्रम्प म्हणणाऱ्याला नावं ठेवणार नाही.

नऊ पॉइंट असतील तर गणित उलटं होतं. १६ किंवा १७ असण्याची शक्यता मिळून ५६ टक्के. उरलेल्या वेळी समोर १५, म्हणजे एकूण २४, आणि २४वर ३ नो ट्रम्प काही हताश खेळ नव्हे. व्हल्नरेबल टीम्समध्ये नऊ पॉइंटांवर इन्व्हाइटच्या भानगडीत न पडता गेम बोला. इन्व्हाइटची जागा त्यामुळे वाटते त्यापेक्षा खूप अरुंद उरते: चांगले आठ, वाईट नऊ, बस्स.

गेमला किती शक्यता पुरते

"५० टक्के असेल तर बोलायचं" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पेअर्समध्ये, म्हणजे मॅचपॉइंटवर (जिथे किती जोड्यांना मागे टाकलं एवढंच मोजतात), ते ठीक आहे. टीम्समध्ये नाही.

टीम्स, तुम्ही व्हल्नरेबल. तुम्ही ४ इस्पिक बोललात आणि केलीत: ६२०. दुसऱ्या टेबलावर तुमच्याच पानांवर २ इस्पिकवर थांबले आणि दहा हात केले: १७०. फरक ४५०, म्हणजे १० आयएमपी (टीम्समध्ये गुणांचा फरक ज्या एककात बदलतात ते) कमावले. गेम एक डाऊन गेली तर तुमचे १०० गेले आणि तिकडे १४० मिळाले. फरक २४०, म्हणजे ६ आयएमपी घालवले. सहा घालवण्याच्या जोखमीवर दहा कमावायचे असतील तर ३७.५ टक्के पुरतात. व्हल्नरेबल नसाल तर ४२० विरुद्ध १७०, फरक २५०, ६ आयएमपी. आणि डाऊन गेल्यास ५० अधिक १४०, म्हणजे १९०, ५ आयएमपी. इथे ४५ टक्के लागतात. नो ट्रम्पमध्ये आकडे थोडे बदलतात, पण आयएमपी तेवढेच पडतात.

हे आकडे एक डाऊन धरून आहेत. कधी दोन डाऊन जातं, कधी समोरच्यांचा दंड वाढवणारा डबल बसतो, म्हणून व्हल्नरेबल असताना ४० टक्के ही रेघ धरलेली बरी.

आणि आपली गेम किती टक्क्यांची होती हे डाव संपल्यावर मोजायची सवय लावा. एक फिनेस (हवं ते मोठं पान सोयीच्या बाजूला आहे असं धरून केलेला खेळ) चालला की गेम, तर ५०. दोनपैकी कोणताही एक फिनेस चालला तरी पुरे, तर ७५. फिनेसही चालायला हवा आणि प्रतिस्पर्ध्यांकडचे पाच हुकूम ३-२ही फुटायला हवेत, तर ५०चे ६८ टक्के, म्हणजे ३४. हा शेवटचा डाव झाला तरी ती बोली व्हल्नरेबल टीम्समध्येसुद्धा जास्तीचीच होती. "झालं ना शेवटी" या एका वाक्याने जोडीचा अंदाज बिघडतो तितका दुसऱ्या कशाने बिघडत नाही.

खरा बिघाड: एकच सवलत दोघं घेतात

माझ्या मते दहापैकी आठ जोड्यांची अडचण इथे असते. इन्व्हाइट करणारा मनात म्हणतो, "आहेत सात-आठ, पण पार्टनरकडे कमी असेल तर तो थांबेलच." समोरचा म्हणतो, "आहेत पंधराच, पण पार्टनरने नऊ दाखवलेत, जाऊ या." दोघांनीही माप सैल धरलं आणि २३वर ३ नो ट्रम्प झालं. पुढच्या डावाला उलट होतं. इन्व्हाइट करायला हवं होतं तो म्हणतो "पार्टनर नेहमी हलक्या पानांवर सुरुवात करतो" आणि पास देतो, किंवा कसाबसा इन्व्हाइट करतो तर समोरचा म्हणतो "हा नेहमी ओढून-ताणून बोलतो" आणि थांबतो. दोघांनीही माप आवळलं, गेम हुकली.

पार्टनर बदलून हा बिघाड जात नाही. सैल माप कोणी धरायचं, हे जोडीने बोलून ठरवावं लागतं. माझं ठाम मत: इन्व्हाइट करणाऱ्याने कडक राहावं, स्वीकारणाऱ्याने उदार. कारण वर आलंच आहे. इन्व्हाइट केल्यावर थांबण्यात नफा नाही, म्हणून कमी वेळा इन्व्हाइट करावं, आणि जेव्हा करावं तेव्हा बहुतेक वेळा गेमच व्हावी. कडक इन्व्हाइट आलं की १५ पॉइंट पण पाच पानांचा रंग आणि दोन दश्श्या असलेल्या पार्टनरने बेधडक ३ नो ट्रम्प म्हणावं. १६ पॉइंट, पण ४-३-३-३ आणि राण्या-गुलामांची गर्दी असेल, तरच विचार करावा.

याला एक अपवाद आहे. जिथे इन्व्हाइट स्वस्त असतं तिथे हात सैल सोडायला हरकत नाही. पास झालेल्या पार्टनरकडून तिसऱ्या जागेवरच्या १ इस्पिकला ड्रुरीची २ किलवर (किलवर नव्हे, इस्पिकला पाठिंबा आणि बरी पानं दाखवणारी ठरवून घेतलेली बोली) आली, तर कमी पानांवर सुरुवात करणारा २ इस्पिकवर थांबू शकतो. आमंत्रण दिलं, नकार आला, तरी आपण दुसऱ्याच पायरीवर. तीन पानांचा बरा पाठिंबा आणि दहा पॉइंट असताना तिथे ड्रुरी वापरायला कचरू नका.

रंगात असाल तर पॉइंट विचारू नका, जागा विचारा

तुमचं १ इस्पिक, पार्टनरचं २ इस्पिक झालं आणि तुमच्याकडे हे आहे:

इस्पिक: एक्का राणी ९ ७ ५
बदाम: ६
चौकट: एक्का ८ ५ ३
किलवर: एक्का गुलाम २

पंधरा पॉइंट, बदामला एकच पान. गेम असेल किंवा नसेल. इथे ३ इस्पिक म्हटलं तर पार्टनर आपले पॉइंट मोजेल, आणि चुकीचं उत्तर देईल. कसं ते बघा. पहिला पार्टनर:

इस्पिक: राजा ८ ४ ३
बदाम: ९ ७ ५
चौकट: राजा ६
किलवर: १० ८ ५ ३

दुसरा पार्टनर:

इस्पिक: राजा ८ ४ ३
बदाम: राजा गुलाम ५
चौकट: ९ ६ ४
किलवर: १० ८ ३

(चार हुकूम असताना ज्या जोड्या बर्गन रेझ (चार हुकमांचा पाठिंबा दाखवणाऱ्या खास बोली) खेळतात त्यांची बोली वेगळी होईल, इथे साधी २ इस्पिक धरू.)

पहिल्याकडे सहा पॉइंट, दुसऱ्याकडे सात. "कमी आहे का जास्त" असं विचारलं तर सहावाला थांबणार. पण सहावाल्यासमोर तुमच्या हातातले पाच हुकूम, चौकटचे एक्का-राजा, किलवरचा एक्का आणि डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या पार्टनरच्या पानांत) हुकमाने मारलेल्या दोन चौकटी, असे दहा हात समोर मांडून ठेवलेले आहेत. सातवाल्यासमोर बदामचा एक हात जातो, चौकटचे दोन, किलवरचा किमान एक: चार गेलेच. बदामच्या राजावर किलवरचं एक पान टाकता आलं, तरी किलवरचे दोन जात होते त्याऐवजी एक जाईल, एवढंच.

म्हणून ३ इस्पिक नाही, ३ चौकट. अर्थ: "मला चौकटमध्ये मदत हवी आहे." पार्टनरने मग एकच गोष्ट बघायची. चौकटमध्ये एक्का किंवा राजा असेल, किंवा एक-दोनच पानं आणि मारायला हुकूम असतील, तर ४ इस्पिक. चौकटची तीन फुटकळ पानं असतील तर ३ इस्पिकवर थांबायचं, बाहेर राजा-गुलाम असले तरी. राणी-गुलाम असं मधलं काही असेल, तरच एकूण पॉइंट जास्त की कमी हे बघून ठरवायचं.

इथे लूझर (हात गमावू शकणारी पानं) मोजणारे विचारतील की त्या पद्धतीने काय येतं. तुमचे सहा. सहा पॉइंटवाल्याचे नऊ, सात पॉइंटवाल्याचे दहा. पद्धतीने दोघांचा क्रम बरोबर लावला, हे तिचं श्रेय. पण त्या पद्धतीप्रमाणे २४मधून दोघांचे मिळून पंधरा लूझर (सहा आणि नऊ) वजा केले की नऊच हात दिसतात, दहावा दिसत नाही, कारण चौकटचा राजा तुमच्या एक्क्यासमोर नेमका बसलाय हे मोजणीला कळत नाही. १ इस्पिक–३ इस्पिकसारख्या थेट इन्व्हाइटला, म्हणजे आठ लूझरचा पाठिंबा की सातचा हे ठरवताना, ती मोजणी फार चांगली आहे. जागा विचारता येत असेल तिथे मात्र जागाच विचारा.

एक किंमत याचीही आहे. ३ चौकट म्हणताच टेबलावरच्या बाकी दोघांनाही कळतं की तुम्हाला डमीत चौकट मारायची आहे, आणि जाणता खेळाडू पहिली उतारी हुकमाची करतो. म्हणून पार्टनरच्या जवळपास कोणत्याही पानांवर तुम्ही गेमला जाणार असाल तर विचारू नका, थेट ४ इस्पिक बोला. उत्तर काहीही आलं तरी तुमचा निर्णय बदलणार नसेल, तर त्या प्रश्नाचा उपयोग फक्त समोरच्यांना होतो.

रेंगाळून केलेलं इन्व्हाइट

काठावरच्या पानांना विचार करायला वेळ लागतो, ते साहजिक आहे. पण अर्धा मिनिट थांबून ३ इस्पिक म्हटलं की पार्टनरला बोलीखेरीज आणखी काहीतरी कळतं. ड्युप्लिकेटच्या, म्हणजे स्पर्धेतल्या ब्रिजच्या, नियमांतले १६वा आणि ७३वा नियम स्पष्ट आहेत: थांबण्यातून कळलेलं वापरायचं नाही. उशिरा आलेल्या इन्व्हाइटवर तुम्ही हलक्या पानांनी गेमला गेलात आणि ती झाली, तर डायरेक्टर (पंच) बोलावला जाईल आणि बदललेला स्कोअर पदरी पडेल. यातून सुटायचं तर विचार आधी उरकायला शिका. पार्टनरने १ इस्पिक म्हटलं तेव्हाच ठरवून ठेवायचं: तो पुढे असं बोलला तर मी काय करणार. वर सांगितलेली मापं जोडीने पक्की केली की टेबलावर थांबायची वेळ फार कमी येते.

घरी तपासून बघा

बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर) टीचिंग टेबल उघडून पत्त्यांना अटी घालता येतात: एका बाजूला सपाट १५–१७, समोर ८–९. दोघं बसा, वीसेक डाव फक्त बोला, खेळू नका. प्रत्येक डावानंतर चौघांचीही पानं उघडी करून गेमची शक्यता वर सांगितल्याप्रमाणे मोजा आणि लिहून ठेवा. निकाल लिहू नका. वीस डावांत कोणाचं माप सैल आहे हे दोघांनाही दिसतं, आणि कोणी कोणाला सांगायची गरज उरत नाही. डबल डमीचा, म्हणजे संगणकाने काढलेला, आकडा मदतीला घ्या, पण जपून. त्याला चौघांचीही पानं दिसतात, त्यामुळे राणी कुठे आहे हा प्रश्न त्याला पडतच नाही.

रबर (स्पर्धेबाहेरचा, चौघांतला ब्रिज) खेळणाऱ्यांसाठी एवढंच: रेघेखाली, म्हणजे गेमच्या १०० गुणांत, ४० जमा असतील तर २ इस्पिक हीच गेम आहे. तिथे ३ इस्पिक म्हणून पार्टनरला विचारण्यासारखं काही उरत नाही.

मध्ये कोणी बोललं तर

समोरचे मध्ये पडले की विचारायची जागाच संपते, आणि जोडीत गैरसमज व्हायचे ते इथेच जास्त होतात. १ इस्पिक, त्यांचं २ बदाम, आपलं २ इस्पिक, त्यांचं ३ बदाम. आता आपलं ३ इस्पिक हे आमंत्रण आहे का? नाही. ती फक्त लढाईची बोली, पार्टनरने पास द्यायचा. कारण ३ बदाम आणि ३ इस्पिक यांच्यामध्ये एकही बोली शिल्लक नाही. म्हणून अनुभवी जोड्या इथे डबलला आमंत्रणाचा अर्थ देतात, त्याला मॅक्सिमल डबल म्हणतात. ३ बदामवर डबल म्हणजे "गेमला येतोस का", दंड मागण्यासाठी नव्हे. तेच समोरच्यांचा रंग चौकट असेल आणि त्यांनी ३ चौकट म्हटलं असेल, तर मध्ये ३ बदाम मोकळी आहे. तिथे ३ बदाम हे आमंत्रण, तुमच्याकडे बदाम असोत वा नसोत, आणि डबल हा दंडाचाच डबल. हे दोन्ही क्रम पार्टनरबरोबर लिहून ठेवा, कारण टेबलावर विचारता येत नाही.